ठिणगीपासून फवाऱ्यापर्यंत

नाशिकमध्ये 'मायको सर्कल' नावाचा चौक आहे. शहरात नव्याने आलेल्या माणसाला हे नाव कोड्यात टाकते. जुन्या नाशिककरांना मात्र त्याचा उलगडा सांगावा लागत नाही. मोटर इंडस्ट्रीज कंपनी या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'मायको' हा शब्द तयार झाला. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना १९७०च्या आसपास नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत उभा राहिला आणि शहरातील अनेक घरांच्या चुली त्याने पेटत्या ठेवल्या. डिझेल इंजिनात इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडणारे नोझल आणि इंजेक्टर ही या कारखान्याची ओळख. पुढे २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'बॉश लिमिटेड' झाले. ज्या माणसाच्या नावावरून ते आले, त्याने नाशिकचा कारखाना उभा राहण्याच्या जवळपास तीन दशके आधीच या जगाचा निरोप घेतलेला होता.

रॉबर्ट बॉश हे नाव आज ड्रिल मशीनवर, कपडे धुण्याच्या यंत्रावर, मोटारीच्या स्पार्क प्लगवर वाचायला मिळते. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. चोख माल बनवावा, कामगाराला त्याच्या श्रमाचे योग्य मोल द्यावे आणि दिलेला शब्द पाळावा, एवढ्या साध्या तत्त्वांवर त्यांनी आपला कारखाना उभारला. ही तत्त्वे शांततेच्या काळात टिकतात. पण देशच अन्यायाच्या हाती गेला, तर त्यांचे काय होते, या प्रश्नाला त्यांना आयुष्याच्या अखेरीस सामोरे जावे लागले. म्हणूनच हे चरित्र केवळ एका यशस्वी उद्योजकाची कहाणी उरत नाही.

खाणावळवाल्याचा मुलगा

दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात २३ सप्टेंबर १८६१ रोजी रॉबर्ट यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील सेर्वाटिउस हे शेतकरी. जोडीला त्यांची प्रवाशांसाठी खाणावळ होती. घरची स्थिती बऱ्यापैकी सधन आणि वडील त्या काळाच्या मानाने चांगले वाचन असलेले, उदार मतांचे गृहस्थ होते. १८६९ मध्ये त्यांनी खाणावळ विकली आणि कुटुंबासह ते उल्मला स्थायिक झाले.

शाळेत रॉबर्ट यांची चमक दिसली नाही. १८७६ मध्ये शाळा संपल्यावर त्यांना एका यंत्र-कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. तीन वर्षांची ही उमेदवारी त्यांच्या मनात कायमची अढी ठेवून गेली. मालकाचे शिकवण्याकडे लक्ष नव्हते. मुले आपापल्या बुद्धीने धडपडत आणि चुकत. हाताखालच्या मुलाला नीट शिकवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हा धडा त्यांनी या उणिवेतूनच घेतला. पुढे १९१३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाली.

त्यानंतरची सात वर्षे भटकंतीची होती. जर्मनीतील वेगवेगळ्या कारखान्यांत त्यांनी काम केले, सक्तीची लष्करी सेवा बजावली आणि स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत काही काळ श्रोता विद्यार्थी म्हणून विजेचे शास्त्र समजून घेतले. १८८४ मध्ये त्यांनी अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या उद्योगसमूहातील कारखान्यात त्यांना काम मिळाले. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यातही त्यांनी नोकरी केली. समानतेचा देश म्हणून ज्याच्याकडे ते आशेने गेले, त्या अमेरिकेत श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी पाहून त्यांचा भ्रमनिरास झाला. मात्र यंत्रांच्या साह्याने मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसे होते, हे त्यांनी तिथे डोळसपणे पाहून ठेवले.

मागच्या अंगणातील कार्यशाळा

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमधील एका इमारतीच्या मागील भागात रॉबर्ट बॉश यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. वडिलांच्या वारशातून आलेले दहा हजार मार्क हे भांडवल. एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा एवढाच नोकरवर्ग. विजेच्या घंटा बसवणे, टेलिफोन दुरुस्त करणे, छोटी उपकरणे तयार करणे अशी मिळतील ती कामे ते करीत. पुढल्या वर्षी त्यांचा अॅना कायझर यांच्याशी विवाह झाला. ग्राहकांकडे जलद पोहोचता यावे म्हणून १८९० मध्ये त्यांनी सायकल घेतली. त्या काळी स्टुटगार्टमध्ये सायकल ही अपूर्वाईची वस्तू होती. तरीही पहिली दहाएक वर्षे ओढाताणीचीच गेली. कामे कमी-जास्त होत, कर्ज वाढत असे आणि घरच्यांच्या आधारावर दिवस ढकलावे लागत.

याच काळात प्रसिद्ध मार्क्सवादी विचारवंत कार्ल काउट्स्की हे त्यांचे शेजारी होते. त्यांच्याशी होणाऱ्या चर्चांतून आणि स्वतःच्या मजुरीच्या दिवसांतून कामगारांविषयीची त्यांची दृष्टी घडत गेली. बॉश समाजवादी पक्षाचे सभासद झाले नाहीत. तथापि पुढे उद्योजकांच्या वर्तुळात 'लाल बॉश' असा त्यांचा उल्लेख होऊ लागला, तो उगाच नव्हे.

ठिणगीचे साम्राज्य

कार्यशाळेचे नशीब पालटले ते मॅग्नेटोने. इंजिनातील इंधन आणि हवेचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. ती चुंबकाच्या साह्याने निर्माण करणारे साधन म्हणजे मॅग्नेटो. १८८७ मध्ये एका ग्राहकाने आपल्या एका जागी स्थिर असणाऱ्या इंजिनासाठी असे साधन मागितले. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर ते असल्याचे बॉश यांना कळले. त्यांनी ते जाऊन पाहिले, त्यावर पेटंट नसल्याची खातरजमा करून घेतली आणि त्यात सुधारणा करून स्वतःचा मॅग्नेटो तयार केला. ही कल्पना त्यांची नव्हती, हे येथे नमूद करायला हवे. दुसऱ्याची अर्धीकच्ची कल्पना घेऊन ती रोज, हजार वेळा, न चुकता काम करील अशी बनवणे हे त्यांचे कसब होते.

मोटारीच्या वेगवान इंजिनाला मात्र हा मॅग्नेटो पुरा पडेना. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या उद्योजकाने द दिआँ-बुताँ कंपनीची तीनचाकी गाडी बॉश यांच्यापुढे ठेवली आणि तिला चालेल असा मॅग्नेटो करून मागितला. बॉश यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड आर्मेचर हलवण्याऐवजी त्याभोवतीचे हलके धातूचे आवरण हलते ठेवावे, असा तो साधा पण निर्णायक बदल होता. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या तरुण अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. त्यानंतर बॉश हे नाव मोटारीच्या जगात सर्वतोमुखी झाले. १९१३ पर्यंत कंपनीच्या विक्रीचा तब्बल ८८ टक्के भाग जर्मनीबाहेरून येत होता. वर्तुळात बसवलेले आर्मेचर हे आजही दिसणारे बॉशचे बोधचिन्ह होनोल्ड यांनीच रेखाटले.

एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला त्या वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, बॉश यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत कायद्याने तो येण्यास अजून बारा वर्षे होती. यामागे दयाबुद्धी होती तसाच हिशेबही होता. थकलेला हात सूक्ष्म काम बिघडवतो. आठ तासांच्या दोन पाळ्या केल्या तर यंत्रे अधिक वेळ चालतात आणि मालही चोख होतो, हे त्यांनी ओळखले होते. १९१३ मध्ये कारखान्यात संप आणि टाळेबंदी झाली, तेव्हा कामगारांचा कैवारी म्हणवला जाणारा हा मालक दुखावला आणि मालकांच्या संघटनेत सामील झाला. चांगला मालकसुद्धा अखेर मालकच असतो, हे त्या प्रसंगाने दोन्ही बाजूंना उमगले.

त्यांच्या काटकसरीचा एक किस्सा कंपनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कार्यालयात जमिनीवर पडलेली पेपरक्लिप उचलून त्यांनी एका कर्मचाऱ्याला ती काय आहे असे विचारले. तो पेपरक्लिप म्हणाला, तेव्हा हा आपला पैसा आहे असे त्यांनी त्याला सुनावले. पेपरक्लिपवरून रागावणारा हाच माणूस १९१० मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेला दहा लाख मार्क देऊन मोकळा झाला होता.

युद्ध, वियोग आणि डिझेल

पहिल्या महायुद्धाने या वैभवाला जबर तडाखा दिला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या कारखान्यासह परदेशांतील मालमत्ता शत्रुराष्ट्रांनी जप्त केली. कारखान्याच्या काही इमारतींत बॉश यांनी जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. युद्धकाळातील मागणीमुळे मिळालेला नफा स्वतःजवळ ठेवणे त्यांना बोचत होते. त्यातली मोठी रक्कम त्यांनी लोकोपयोगी कामांना देऊन टाकली. त्यात नेकर नदीवरील जलमार्गाचा वाटा मोठा होता. घरातही दुःख दबा धरून होतेच. ज्याच्या हाती उद्योग सोपवायचा, तो मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर १९२१ मध्ये मरण पावला. पुढे अॅना यांच्याशी त्यांचा विवाह टिकला नाही. १९२७ मध्ये त्यांनी मार्गारेटे व्यॉर्ट्स यांच्याशी दुसरा विवाह केला.

त्याच वर्षी कारखान्यातून एक नवे यंत्र बाहेर पडले. त्याची पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन शिरले की ते आपोआप पेटते. पण ते इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरली जाई आणि त्यासाठी एक अवजड कॉम्प्रेसर इंजिनाला जोडावा लागे. जहाजात किंवा वीजघरात हे चालून जाई; ट्रकमध्ये ते अशक्य होते. हवेविना, केवळ पंपाच्या जोरावर, इंधनाचा मोजका फवारा ठरल्या क्षणी सोडता आला तरच डिझेल रस्त्यावर येणार होते. ठिणगीच्या जोरावर मोठ्या झालेल्या बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस ठिणगी न लागणाऱ्या या इंजिनासाठी पंप बनवण्याचा निर्णय घेतला. आपल्याच मुख्य मालाला पर्याय ठरू शकेल अशा इंजिनाला बळ देणारा हा निर्णय होता.

काम सोपे नव्हते. पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी एवढीच फट ठेवावी लागते. फट वाढली तर दाब टिकत नाही, कमी झाली तर दट्ट्या अडकतो. म्हणून दोन्ही भाग एकमेकांवर घासून जुळवले जातात आणि मग ती जोडी आयुष्यभर फोडता येत नाही. मॅग्नेटोच्या निमित्ताने तीन दशके कमावलेले सूक्ष्म कामाचे कौशल्य येथे कामी आले. नोव्हेंबर १९२७ च्या अखेरीस पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि ट्रकच्या इंजिनांवर ते बसू लागले. १९३६ मध्ये मर्सिडीजची '२६० डी' ही डिझेल मोटार आली, तीही बॉशच्या पंपावर. मॅग्नेटोची जागा तोवर बॅटरीच्या स्वस्त प्रज्वलनाने घेतली होती. पंपाचा निर्णय झाला नसता, तर कंपनीचे भवितव्य काय झाले असते, हे सांगायला नको.

सत्त्वपरीक्षा

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा बॉश ७१ वर्षांचे होते. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात सलोखा व्हावा यासाठी ते झटत होते. युरोपच्या ऐक्याचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीला त्यांचे पाठबळ होते. १९३५ मध्ये दोन्ही देशांच्या माजी सैनिकांची भेट त्यांनी स्टुटगार्टमध्ये घडवून आणली. नव्या राजवटीविषयी त्यांच्या मनात तिरस्कार होता. त्यांनी आणि हान्स वाल्ट्स आदी निकटच्या सहकाऱ्यांनी ज्यूंना गुपचूप आर्थिक साह्य केले, काहींना देशाबाहेर पडायला मदत केली. हिटलरविरोधी गटाचे एक प्रमुख कार्ल गोर्डेलर यांना १९३७ मध्ये कंपनीने सल्लागार म्हणून नेमले. या नेमणुकीच्या आडून गोर्डेलर यांना देशोदेशी फिरता आले. १९४४ च्या फसलेल्या कटानंतर त्यांना पकडण्यात आले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. वाल्ट्स यांना १९६९ मध्ये इस्रायलने 'राष्ट्रांमधील सज्जन' हा सन्मान दिला.

मात्र चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच कंपनीचे पंप, प्लग आणि विमानांच्या इंजिनांसाठीची पेट्रोल इंजेक्शन यंत्रणा जर्मन सैन्याला पुरवली जात होती. दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या कारखान्यांत सुमारे वीस हजार माणसांना सक्तीने राबवण्यात आले. त्यांत युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतील बंदीही होते. यातील मोठा भाग बॉश यांच्या मृत्यूनंतर घडला, पण त्याची सुरुवात त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती. ज्या माणसाने आठ तासांचा दिवस आणला, त्याच्या नावाच्या पाटीखाली पुढे माणसे वेठीला धरली गेली. कारखाना चालू ठेवायचा तर राजवटीचे काम करावे लागत होते, आणि त्याच कारखान्याच्या आडोशाने विरोधकांना आसरा मिळत होता. यातली एक बाजू दुसरीला पुसून टाकत नाही. बॉश यांच्या चरित्राचा न्याय करताना दोन्ही पारडी समोर ठेवावी लागतात.

१९४० मध्ये त्यांनी स्टुटगार्टला रुग्णालय दिले. होमिओपॅथीवर त्यांची लहानपणापासून श्रद्धा होती आणि त्या पद्धतीला हक्काची जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. १२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. त्यांचे विस्तृत चरित्र थिओडोर ह्यूस यांनी लिहिले. तेच ह्यूस पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

प्लास्टिकच्या अंगरख्यातील वारसा

बॉश यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांच्या कंपनीने पेट्रोल मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन बाजारात आणले. फोक्सवॅगनच्या गाडीवर ते प्रथम दिसले. अमेरिकेत धुरावर आलेले निर्बंध हे त्याचे मोठे कारण. इंजेक्टर आता विजेच्या इशाऱ्यावर उघडू-मिटू लागला आणि त्याच्या शरीरात धातूबरोबर प्लास्टिक शिरले.

आजचा पेट्रोल इंजेक्टर हातात घेतला तर आधी दिसते ते काळे प्लास्टिकचे आवरण. त्याच्या आत पोलादी नळी, बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि सुईसारखी झडप असते. वेटोळ्यात वीज सोडली की चुंबक तयार होतो, झडप केसाएवढी उचलली जाते आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता इंधनाचा फवारा उडतो. हे आवरण नंतर चढवलेले नसते. ते जागेवरच ओतलेले असते. धातूचे भाग साच्यात अचूक बसवतात. काचेचे तंतू मिसळलेले नायलॉन तीनशे अंश सेल्सियसच्या जवळपास तापवून मोठ्या दाबाने साच्यात सोडतात. काही सेकंदांत ते थिजते, आणि विजेच्या जोडणीचे सॉकेट, वेटोळ्याचे संरक्षण व बाहेरचे अंग एकाच ठोक्यात तयार होते. पूर्वी ज्यासाठी चार-पाच सुटे भाग लागत, ते काम एका ओतकामात भागते. वजन घटते, खर्च घटतो आणि वीजरोधनही आपसूक साधते.

कसोटी पुढेच आहे. वितळलेल्या प्लास्टिकच्या रेट्याने बारीक तार सरकू शकते. थंड होताना प्लास्टिक पोलादापेक्षा अधिक आकसते. दोहोंत डोळ्यांना न दिसणारी फट राहिली, तर पावसाचे पाणी त्यातून वेटोळ्यापर्यंत पोहोचते. म्हणून धातूवर आधीच खाचा ठेवतात, साच्याचे तापमान काटेकोर राखतात आणि मग तयार इंजेक्टरची गळती, विद्युतरोध व फवाऱ्याचे माप तपासतात. ठिणगीला बांधून ठेवण्यासाठी मॅग्नेटोच्या काळात एबोनाइट आणि चिनी माती वापरली जाई. पुढे बेकेलाइट आले. वीज हवी तिथेच जावी, भलतीकडे फुटू नये, हा जुना प्रश्न नव्या पदार्थाने सोडवला, एवढेच.

भारतात एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्टर आला. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या अनेक स्कूटरच्या पोटात असा बोटभर इंजेक्टर असतो. तो कोणत्या कंपनीचा आहे, याचा विचार चालवणारा करीत नाही. करण्याची गरजही पडत नाही, कारण सकाळी बटण दाबल्यावर गाडी सुरू होणार हे त्याने गृहीत धरलेले असते.

कुटुंबाचा कंपनीतील वाटा वारसांनी १९६४ मध्ये धर्मादाय संस्थेकडे सुपूर्द केला. 'रॉबर्ट बॉश प्रतिष्ठान' या नावाने ती ओळखली जाते. कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भागभांडवल या प्रतिष्ठानाकडे असून लाभांशाचा पैसा आरोग्य, शिक्षण आणि देशादेशांतील सलोखा यांसाठी खर्च होतो. आपण गेल्यानंतर उद्योग टिकावा आणि त्याचे फळ समाजाला मिळावे, ही बॉश यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली. जो प्रश्न काळाने त्यांच्यापुढे टाकला होता, त्याचे उत्तर मात्र त्यांच्या प्रतिष्ठानालाही देता येणार नाही. प्रत्येक पिढीतील कारखानदाराने आणि कारागिराने ते आपल्यापुरते शोधायचे आहे.